दीड आणि अडीच

लाकडाचा मला कधी त्रास झाला नाही. सरळ असो, वाकडं असो, गाठींनी भरलेलं असो, लाकडाचं तोंड बंद असतं. जीव खातात ती गिऱ्हाइकं. एकोणीस वर्षं आम्ही नवरा-बायको लाकूड कापायची मशीन टेम्पोमागे जोडून लोकांच्या दारात जातोय. एवढ्या वर्षांत ओंडक्यांनी माझी कंबर धरली असेल, पण डोकं उठवलं ते माणसांनी.

मशीन म्हणजे काय, तर दोन चाकांवरचा लांबलचक लोखंडी पलंग. ओंडका त्यावर झोपवायचा, चिमट्यांनी आवळायचा. वर इंजिनाचा गाडा, त्यात पट्टा. पट्टा म्हणजे दात पाडलेली पोलादी पट्टी, ती दोन चाकांवर गरगर फिरत असते. हँडल फिरवून गाडा हव्या त्या उंचीला आणायचा आणि रुळांवरून ढकलत न्यायचा, की फळी सुटते. गाडा ढकलतात ते हे, म्हणजे माझा नवरा. पलीकडच्या टोकाला उभी राहून फळी ओढून घेते ती मी. आणि गिऱ्हाइकाशी बोलते तीही मीच, कारण यांना बोलायचा कंटाळा. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर त्यातली चार पट्ट्याला असतात.

गिऱ्हाइकांच्या जाती सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. एक जण शपथेवर सांगतो, "झाडात खिळा-बिळा काही नाही हो, घरचं झाड आहे." अहो, घरच्या झाडातच खिळे असतात! कुणी कपड्यांची दोरी बांधायला ठोकलेला, कुणी पाटी लावायला. झाड तो गिळून वर साल धरून बसतं आणि आमचा नवाकोरा पट्टा त्यावर आपटून खलास होतो. मग तोच माणूस म्हणतो, "तुमचा पट्टाच कच्चा असेल." दुसऱ्याला भुशाचं दुःख. ढिगाकडे बघत उभा राहतो, "एवढा भुसा? म्हणजे माझी एक आख्खी फळी गेली की!" पट्टा लाकूड खाणारच ना, त्याला काय उपाशी ठेवून कापायचं? तिसरा माझ्या कानाशी उभा राहून "ताई, जरा डावीकडून ओढा" म्हणत राहतो. आयुष्यात त्याने स्वतःच्या अंगावरची चादर ओढलेली नसते.

या सगळ्यांना मी पुरून उरले. पण गेल्या दोन वर्षांत एक नवीनच जात निघाली. फळ्या कापून झाल्या की म्हणायचे, "मी हे माप सांगितलंच नव्हतं." एकाला सात फुटी हव्या होत्या म्हणे, आम्ही सहाच्या केल्या. एकाला सव्वा इंच हवं होतं, आम्ही पाऊण काढलं. एका सुताराने तर चौकटीच्या लाकडावरून भर रस्त्यात आवाज चढवला. मी काय ऐकून घेणार? यांचं माप सुताने चुकत नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेवढ्यानेसुद्धा नाही, हे सगळ्या वखारवाल्यांना माहीत आहे. तेव्हा एकेकाला मी असा झाडला की विचारू नका. "आधी डोकं ठिकाणावर ठेवून ठरवायचं, मग आम्हाला बोलवायचं. कापल्यावर मन बदललं की आमच्या नावाने खडे फोडायचे होय?" त्या सुताराने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. मी म्हटलं, बरं झालं, पीडा गेली.

भांडण चाललेलं असताना हे बाजूला उभे राहून हाताचा चीक पुसत असायचे. हूं नाही की चूं नाही. मला वाटायचं, काय हा साधा माणूस, लोक याच्या डोक्यावर मिऱ्या वाटतात आणि हा उभा राहतो. मग मला आणखी जोर चढायचा.

एका बाईंचं काम आलं तेव्हा मी आधीच पार थकलेली होते. त्या आठवड्यात तीन घरं झाली होती, मनगटं सुजली होती, रात्री कूस बदलताना आई गं म्हणावं लागत होतं. फोनवरच कळलं, हे प्रकरण सोपं नाही. "पत्ता लिहून घ्या," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, घेतला. "मग आता वाचून दाखवा." निवृत्त शिक्षिका! म्हटलं, चला, एवढंच राहिलं होतं.

गल्ली अरुंद. फाटकातून टेम्पो शिरेना, म्हणून मशीन सोडवून आम्ही दोघांनी ती हाताने मागच्या अंगणात ढकलली. तिथे एक मोठं झाड वाऱ्यात आडवं झालेलं, त्याचे कुणीतरी पाच ओंडके करून ठेवलेले. चार फांद्यांचे, वाकडेतिकडे. एकच बुंध्याचा, नऊ फुटी, माझ्या गुडघ्याएवढा उंच, सरळसोट. बघितल्याबरोबर कळत होतं की खरा माल तेवढाच.

बाई दारातच उभ्या होत्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात फूटपट्टी. मी नमस्कार करायच्या आत म्हणाल्या, "आधी आत या. कशासाठी कापायचंय ते बघा, म्हणजे काम नीट होईल."

आत एक जिना होता, लाकडाचा, उघडा. दोन बाजूंना तिरपे दांडे आणि त्यांच्यात अडकवलेल्या पायऱ्या, बस. पायऱ्या कडेने कुजलेल्या. तिसरीला खालून दोरीने फळकुट बांधलेलं. बाईंनी तिच्यावर पाय ठेवून दाखवला, ती अशी दबली की मी त्यांचा हात धरायला पुढे झाले.

"वर आमचे सर आहेत," बाई म्हणाल्या. सर म्हणजे त्यांचे यजमान, तेही शाळेतच होते. "गेल्या वर्षी उजवी बाजू गेली. आता बरंच सुधारलंय. काठी घेऊन वरच्या खोलीत फिरतात. पण जिना उतरता येत नाही. पायरी जराशी दबली की पाय तिथेच थिजतो. दवाखान्यात न्यायला दोनदा चार माणसांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. दुसऱ्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या रडले. म्हणाले, आता मला खाली आणू नका. आठ महिने झाले, वरच आहेत." मग फूटपट्टी माझ्याकडे रोखून म्हणाल्या, "पायरी अजिबात हलता कामा नये. डॉक्टर म्हणालेत, पायरी पक्की असली तर ते स्वतः उतरतील. सुताराने मला जाडी सांगितली आहे. ती मी तुमच्या मालकांनाच सांगते. माप ज्याच्या हातात, त्याच्याच कानावर घातलेलं बरं."

झालं. ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात गेलं. म्हणजे मी काय नुसती फळ्या ओढायला? पण वरच्या माणसाचा विचार करून गिळलं आणि अंगणात येऊन मशीनच्या पायांखाली पाचरी मारायला बसले.

पाचरी मारून उठते तर काय, बाई यांच्यासमोर उभ्या आणि म्हणतायत, "सांगा बघू, मी काय म्हणाले?"

हे हसले. म्हणाले, "काळजी करू नका, बाई."

"काळजीचं नाही. मी काय म्हणाले ते सांगा."

"होईल, होईल. सगळं नीट होईल."

"अहो, होईल हे उत्तर नाही. मी आकडा सांगितला, तो आकडा..."

तिथे माझा तोल गेला. एकोणीस वर्षं घासलेला माणूस, दाढी पिकलेली, आणि ही बाई त्याला बाकावर उभं करून उत्तर विचारते? "बाई," मी म्हटलं, "हे तुमच्या वर्गातलं पोर नाही. आम्ही लाकूड कापतो, परीक्षेला बसत नाही. विश्वास नसेल तर आत्ता मशीन परत नेतो."

बाईंचा चेहरा पडला. काही बोलायला तोंड उघडलं, पण वरून सरांनी काठी आपटली, काहीतरी हवं असेल. "बरं," म्हणाल्या, आणि आत गेल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी यांच्याकडे बघून विचारलं, "किती?" यांनी एक बोट सरळ धरलं आणि शेजारचं अर्धं दुमडलं. दीड.

मला क्षणभर वाटलं, पायरीला दीड इंच? पण मनात म्हटलं, सुताराने सांगितलंय, त्याचा तो बघेल.

इंजिन सुरू झालं. बुंधा सरळ होता, खिळा निघाला नाही, पट्टा लोण्यातून जावा तसा जात होता. वरची साल काढली, मग एक फळी, दुसरी, तिसरी. मी ओढून भिंतीशी रचत होते. चांगलं लाकूड निघालं की थकलेला माणूसही जरा खूश होतो, तशी मी होते. सात फळ्या झाल्या, आठवी, शेवटची, अर्ध्यात होती, तेव्हा बाई बाहेर आल्या. सरळ रचलेल्या फळ्यांपाशी गेल्या. फूटपट्टी लावली. पुन्हा लावली. मग दुसऱ्या फळीला लावली. आणि दोन्ही हात वर करून थांबा, थांबा अशी खूण केली. यांनी इंजिन बंद केलं.

"हे दीड आहे," बाई म्हणाल्या.

"दीडच," मी म्हटलं.

"मी अडीच म्हणाले होते."

ऐकलं मात्र, आणि माझं टाळकंच सरकलं. हीच ती जात! कापल्यावर माप बदलणारी! "बाई, तुम्ही दीडच म्हणालात. आमच्याकडून मापाची चूक होत नाही."

"मी अडीच म्हणाले. सुताराने अडीच सांगितलं. अडीचच्या पाच फळ्या, प्रत्येकीच्या तीन पायऱ्या. मी दीड कशाला म्हणेन?"

आणि मग मी जे बोलले, ते आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते. मी म्हटलं, "बाई, वय झालं की होतं असं. दिवसरात्र वर एका आजारी माणसाचं करायचं, डोकं थाऱ्यावर कसं राहणार? तुम्ही विसरलात."

फूटपट्टी खाली गेली. इतका वेळ ताठ असलेली बाई एकदम म्हातारी दिसायला लागली. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी स्वतःवरच शंका घेतली.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला. जड, ओढत ओढत बोललेला. "अ... डीच." मी वर बघितलं. खिडकीच्या गजांना धरून सर उभे होते. "अडीच. ती... म्हणाली. मी... ऐकलं. दोनदा... म्हणाली."

आठ महिने खिडकीशी बसलेला माणूस. अंगणात कोण काय बोललं याशिवाय त्याला दुसरं काम काय? तो खोटं कशाला बोलेल?

मी यांच्याकडे वळले. हे पाठमोरे होते, हँडलवरचा भुसा फडक्याने झटकत होते. वर एक आजारी माणूस ओरडून बोलला, खाली आम्ही तिघं, इंजिन बंद, अंगणात चिटपाखरू नाही, आणि या माणसाने मान वळवली नव्हती. "अहो, ऐकलंत का?" मी म्हटलं. लग्न झाल्यापासून मी यांना अशीच हाक मारते, नाव घ्यायची सवय नाही. हाक रोजच्याच आवाजात होती. हे फडकं झटकत राहिले.

मी दोन पावलं पुढे गेले, यांच्या पाठीशी उभी राहिले आणि म्हटलं, "पट्टा तडकलाय." हे शब्द ऐकून लाकूड कापणारा माणूस झोपेतून उडी मारून उठेल. तडकलेला पट्टा सुटला तर माणूस फाडतो. यांनी फडकं आणखी एकदा झटकलं, घडी केली आणि खिशात ठेवलं.

मग वळले, मला इतक्या जवळ बघून दचकले, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. कधीपासून हे माझ्या ओठांकडे बघत होते देव जाणे. मला वाटायचं, किती लक्ष देऊन ऐकतात माझं!

मी तिथेच साल काढून टाकलेल्या ढिगावर बसले. रडू आलं नाही, रडायलाही थोडी ताकद लागते. बाई जवळ आल्या. मी म्हटलं, "बाई, मी तुम्हाला नको ते बोलले."

"ते नंतर," बाई म्हणाल्या. "आधी हे सांगा, यांना ऐकू येत नाही आणि हे तो पट्टा चालवतात. तुमचे हात त्या टोकाला असतात. तुम्ही थांबा म्हणून ओरडलात तर?"

मी माझ्याच हातांकडे बघत बसले. दहाची दहा बोटं होती, त्यात माझी काही हुशारी नव्हती.

बाईंनी सुताराला बोलावून घेतलं. आला कोण? तोच, चौकटीवाला, ज्याने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. माझ्याकडे न बघता फळ्यांकडे गेला. मी मेल्याहून मेल्यासारखी उभी. म्हटलं, आता हा सगळं व्याजासकट काढणार.

त्याने फळ्यांवर हात फिरवला, जिना बघून आला. बाईंनी विचारलं, दोन दोन फळ्या एकमेकींवर ठोकल्या तर? तो म्हणाला, "लाकूड ओलं आहे. वाळताना एक इकडे ओढणार, दुसरी तिकडे. चार महिन्यांत करकरायला लागतील. सर करकर ऐकून पाय उचलायचे नाहीत." मग अंगणातले फांद्यांचे ओंडके पायाने लोटून बघितले. जो सर्वात लांब होता, जरासा वाकडा, त्याच्यापाशी थांबला. "यातून एक जाड दांडा निघाला तर जिन्याच्या मधोमध तिसरा टेकू देता येईल. मग पायरीला मधे आधार मिळतो. दीड इंच पुरतं. हलणार नाही." मग यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, त्यांच्या डोळ्यांसमोर हात धरला, बोटांनी जाडी दाखवली, रुंदी दाखवली, आणि मोठ्याने, सुटं सुटं बोलला, "मधून. गाभ्यातून. वाक वर ठेवून." यांनी मान हलवली.

मी त्याच्याजवळ गेले. "तुम्हाला माहीत होतं?"

"चौकटीच्या दिवशीच कळलं, वहिनी. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. पन्नास वर्षं हातोडा, मग कान गेले."

"मग तेव्हाच बोलायचं ना!"

सुतार माझ्याकडे बघून थकल्यासारखा हसला. "तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं होतं, वहिनी. तुम्ही काय काय म्हणालात ते आठवतंय का?" एवढं म्हणून पहार घेऊन ओंडका वळवायला गेला.

तो दांडा कापायला आम्हाला दुपारचे तीन वाजले. वाकडं लाकूड, ते चिमट्यात बसेना. बाईंनी आतून खडूची पेटी आणली आणि माप स्वतःच्या हाताने ओंडक्याच्या तोंडावर लिहिलं, एवढं मोठं, की वर खिडकीत सरांनीही वाचलं असेल. यांनी ते बघितलं, हँडल फिरवलं आणि बोट आकड्यावर ठेवून बाईंकडे बघितलं. बाईंनी मान डोलावली, तेव्हाच इंजिन सुरू केलं. मी माझ्या टोकाला उभी होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या पट्ट्याची भीती वाटली. मी हात नेहमीपेक्षा वीतभर मागे धरले, आणि बघितलं तर हे प्रत्येक फेरीत पट्ट्याकडे कमी आणि माझ्या हातांकडेच जास्त बघत होते. किती दिवस असं चाललं होतं, ताकास तूर लागू न देता!

दांडा निघाला. सुताराने डोळ्यासमोर धरून बघितला, म्हणाला, चालेल. लाकूड वाळायला तीन-चार महिने जातील, मग जिना. बाईंनी सरांना वर ओरडून सांगितलं. वरून काठी एकदा आपटली. आम्ही मशीन ढकलत फाटकाबाहेर नेली. सगळेच दमलेले होते.

परतीच्या वाटेवर रेल्वेचं फाटक बंद होतं. दोन्ही बाजूंना गाड्या, सायकली, पायी माणसं. यांनी टेम्पोचं इंजिन बंद केलं. मी यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील," हे म्हणाले. "आधी डावा. मग उजवा. माणसं बोलतात ते भिंतीपलीकडून बोलल्यासारखं येतं. पट्ट्याचं हाताला कळतं, हँडल कसं थरथरतं त्यावरून. माणसांचं कळत नाही."

"कानावर काही लावलं का नाही मग इतकी वर्षं? ते आवाज अडवायला टोपीसारखं मिळतं ते?"

"कान झाकले तर पट्टा काय म्हणतो ते कसं ऐकायचं?"

डोकं दुखायला लागलं होतं. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं, त्याआधी एकही ओंडका कापायचा नाही, हे मी मनात ठरवून टाकलं. डॉक्टर मशीन बंद करा म्हणाला तर काय, याचा विचार करायचं धाडस होईना. पण दुसरं एक आत डाचत होतं. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं," हे म्हणाले.

"कधी?"

"सुताराच्या वेळी. घरी येताना, इथेच कुठेतरी. म्हटलं, चूक माझी असेल, मला हल्ली नीट ऐकू येत नाही."

आणि मला आठवलं. शब्दन् शब्द आठवला. मी म्हणाले होते, तुम्ही गप्प बसा, तुम्ही असे नरम पडता म्हणून लोक चढून बसतात.

"आणखी एकदा सांगितलं होतं, जेवताना," हे म्हणाले. "तू म्हणालीस, ऐकू यायला आधी माणसाला लक्ष द्यावं लागतं." त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, तेवढं मला चांगलं जमतं. "मग तू इतकी ठासून भांडायचीस," हे म्हणाले, "की मलाच वाटायला लागलं, आपलंच बरोबर असेल."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. सात फुटीवाला, सव्वा इंचवाला, आणखी तिघं-चौघं, सगळे खरं बोलत होते, आणि मी त्यांना त्यांच्याच दारात, त्यांच्याच बायका-मुलांसमोर खोटं पाडून आले होते. कुणासाठी? ज्याच्यासाठी पदर खोचून उभी राहायचे, त्याचं तेवढं ऐकायचं राहून गेलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. बाहेर बघतच म्हटलं.

"काय?" हे म्हणाले.

मी थोडी वळले. "म्हटलं, चुकलं माझं."

"अं?" यांनी कानामागे हात धरला.

"चुकलं माझं!" मी ओरडले. सायकलवाला वळला. पाटी घेऊन उभी असलेली बाई वळली. पुढच्या गाडीतून दोन डोकी बाहेर आली. फाटकापाशी उभ्या असलेल्या जगाला कळलं, की माझं चुकलं.

हे समोर फाटकाकडे बघत होते, मिशीखाली ओठ जरासे हललेले. आता खरंच तिसऱ्या वेळेपर्यंत ऐकू आलं नव्हतं की काय, ते मी अजून यांना विचारलेलं नाही.